भिंतीची भागीदारी

चित्र पुरे झाले, कोपऱ्यात सही पडली आणि रंग वाळला, म्हणजे चित्रकाराचे काम संपले अशी एक सर्वसामान्य समजूत आहे. परंतु ज्याने एकदा तरी आपली चित्रे लोकांपुढे मांडण्याचा उद्योग केला आहे, त्याला हे पक्के ठाऊक असते की, खरी यातायात तेथून पुढेच सुरू होते. चौकटी, नेआण, विमा, निमंत्रणपत्रिका, दिवे, जागेचे भाडे आणि या सर्वांच्या वर ज्याच्या ताब्यात ती जागा आहे त्याची मर्जी, इतक्या गोष्टी जुळून आल्याखेरीज चित्र भिंतीवर चढत नाही. कवीची कविता मासिकाच्या अंकातून हजार घरी जाते, गायकाचा आवाज आकाशवाणीवरून गावोगाव पोचतो. चित्राला मात्र एक विवक्षित भिंत लागते आणि पाहणाऱ्याला त्या भिंतीपर्यंत पायी चालत यावे लागते. त्यामुळे भिंत कोणाच्या मालकीची, हा प्रश्न चित्रकलेच्या इतिहासात वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. या प्रश्नाला चित्रकारांनी स्वतःच दिलेले एक उत्तर म्हणजे सभासदांनी मिळून चालवलेले सहकारी कलादालन होय. त्याचा कारभार कसा चालतो, त्यात प्रवेश कसा मिळतो आणि त्या प्रवेशाचा मोबदला कशाच्या रूपाने द्यावा लागतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रदर्शनाचे रूढ मार्ग तीन. पहिला व्यापारी दालनाचा. येथे दालनाचा मालक आपल्या पसंतीचे मोजके चित्रकार हाताशी धरतो, प्रदर्शनाचा खर्च बहुधा स्वतः सोसतो, गिऱ्हाइके आणतो आणि विक्रीच्या रकमेतून आपला हिस्सा कापून घेतो. युरोप-अमेरिकेत हा हिस्सा पुष्कळदा निम्म्यापर्यंत जातो. दुसरा मार्ग कलासंस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांचा. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या संस्था परीक्षक नेमून आलेल्या चित्रांतून निवड करतात, आणि निवडलेल्या एक-दोन चित्रांवर चित्रकाराला समाधान मानावे लागते. तिसरा मार्ग भाड्याच्या दालनाचा. १९५२ साली मुंबईत काळा घोड्यापाशी जहांगीर आर्ट गॅलरी उघडली, तेव्हापासून अर्ज करावा, आपल्या पाळीची दीर्घकाळ वाट पाहावी, भाडे भरावे आणि मिळालेल्या आठवड्यात आपला संसार मांडावा, ही वहिवाट मराठी चित्रकारांच्या अंगवळणी पडून गेली आहे. या तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे: चित्रकार हा उमेदवार असतो किंवा भाडेकरू असतो, भिंतीच्या कारभारात त्याचे मत विचारले जात नाही.

सहकारी दालनात नेमकी हीच स्थिती पालटते. दहा, वीस किंवा तीस चित्रकार एकत्र येऊन जागा भाडेपट्ट्याने घेतात, दरमहा वर्गणी भरतात, वर्षाचे वेळापत्रक आपसांत ठरवतात, पाळीपाळीने आपली एकल प्रदर्शने करतात आणि दालनाचा जमाखर्च, झाडलोट, जाहिरात व पहारा ही सर्व कामे वाटून घेतात. इंग्लंडमधील रोचडेल येथे १८४४ साली २८ सभासदांनी प्रत्येकी एक पौंड भागभांडवल घालून जे दुकान काढले, त्याच्या नियमांतील 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व येथेही लागू असते. ज्याची चित्रे लाखांनी विकली जातात त्याचे मत आणि ज्याचे एकही चित्र विकले गेले नाही त्याचे मत, ही सभेत सारख्याच वजनाची धरली जातात. विक्रीतून दालनाकडे जाणारा हिस्सा व्यापारी दालनाच्या मानाने अल्प असतो, काही ठिकाणी तो मुळीच घेतला जात नाही. कारण दालनाचा योगक्षेम विक्रीवर नव्हे तर वर्गणीवर चालतो.

या कल्पनेचा सर्वांत गाजलेला प्रयोग पॅरिसमध्ये झाला, आणि गंमत अशी की, तो गाजला निराळ्याच कारणाने. मोने, रेन्वार, पिसारो, देगा, सिस्ले, सेझान, बर्थ मोरिझो ही मंडळी 'इम्प्रेशनिस्ट' या नावाने जगाला परिचित आहेत. परंतु २७ डिसेंबर १८७३ रोजी त्यांनी जी संस्था स्थापन केली, ती कागदोपत्री बदलत्या भांडवलाची एक सहकारी मंडळी होती. सरकारी प्रदर्शनाचे परीक्षक वर्षानुवर्षे आपली चित्रे परत पाठवतात, तेव्हा परीक्षकच नको, पारितोषिकही नको, अशी प्रदर्शने आपणच भरवावी, चित्रांची विक्री करावी आणि कलेला वाहिलेले एक नियतकालिक काढावे, असे तिचे उद्देश होते. वर्गणी सालीना ६० फ्रँक, म्हणजे महिना ५ फ्रँक. विक्रीवर संस्थेचा हिस्सा एक दशांश. नियमावलीचा मसुदा करताना पिसारोने पाँत्वाझ गावातील पाववाल्यांच्या संघटनेची घटना नमुन्यादाखल पुढे ठेवली होती, आणि त्यातील दंडाची व बंधनाची कलमे पाहून रेन्वार वैतागला होता, ही हकीकत मोठी बोलकी आहे. कारण सहकारी दालनाच्या प्रत्येक सभेत आजही एक पिसारो आणि एक रेन्वार हटकून असतात. चित्रे कोठे लागावीत यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून चित्रांची आकारमानाप्रमाणे विभागणी करून जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, असाही तोडगा काढण्यात आला होता. प्रत्यक्षात मात्र समितीतील इतर मंडळी फिरकली नाहीत आणि मांडणीचा बहुतेक भार रेन्वारवरच पडला.

१५ एप्रिल १८७४ रोजी बुलेव्हार दे काप्युसीनवरील छायाचित्रकार नादार याच्या पूर्वीच्या स्टुडिओत हे प्रदर्शन उघडले. सुमारे तीस कलावंतांच्या १६५ कृती, प्रवेशशुल्क एक फ्रँक, यादीची किंमत अर्धा फ्रँक. वेळ सकाळी दहा ते सायंकाळी सहा आणि, दिवसा कामावर जाणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून, पुन्हा रात्री आठ ते दहा. यादी तयार करण्याचे काम रेन्वारच्या भावाकडे होते. मोनेच्या चित्रांच्या शीर्षकांतील तोचतोपणाला तो कंटाळला होता, आणि त्याच यादीतील एका शीर्षकावरून लुई लरुआ या टीकाकाराने ल शारिवारी पत्रात चेष्टेचा लेख लिहिला व मंडळींना त्यांचे जगप्रसिद्ध नाव चिकटले. पहिल्या दिवशी १७५ माणसे आली, शेवटच्या दिवशी ५४. महिन्याभरात मिळून सुमारे साडेतीन हजार. सिस्लेची चित्रे हजार फ्रँकांना गेली, पिसारोला १३० फ्रँक मिळाले, देगा आणि मोरिझो यांचे काहीच खपले नाही. डिसेंबरात रेन्वारच्या स्टुडिओत सभा भरली आणि ताळेबंद वाचला गेला, तेव्हा बाहेरची देणी भागवल्यावर प्रत्येक सभासद १८४.५० फ्रँक देणे लागतो असे निघाले. सबब संस्था विसर्जित करण्याचा ठराव झाला.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रयोग एका वर्षात बुडीत निघाला. पण संस्था मोडली तरी संगत मोडली नाही. १८८६ पर्यंत या मंडळींनी आणखी सात प्रदर्शने भरवली, आणि आधुनिक चित्रकलेचा इतिहास लिहिणारा कोणीही त्या पहिल्या प्रदर्शनाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. सहकारी दालनाचे यश खतावणीत शोधू जाणाऱ्याची निराशा होते, ही गोष्ट अशी अगदी आरंभीच सिद्ध होऊन गेली होती.

दुसरा मोठा बहर न्यूयॉर्कमध्ये आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे चित्रकारांची संख्या वाढली, पण नव्या चित्रकाराला दारात उभे करणारी व्यापारी दालने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. अशा वेळी १९५२ साली पाच चित्रकार-शिल्पकारांनी टॅनेजर हे दालन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पूर्व दहाव्या रस्त्यावर हलवले. १९५२ सालीच हान्स हॉफमन या विख्यात शिक्षकाच्या शिष्यांनी हान्सा नावाचे दालन सुरू केले. ॲलन कॅप्रो, वुल्फ कान, जेन विल्सन हे त्याचे सभासद. पाठोपाठ कमिनो, मार्च, एरिया, फिनिक्स अशी दालने त्या एका वस्तीत निघाली. जागा साध्या, भाडे स्वस्त, डागडुजी स्वहस्ते. शेजारीच विलेम द कूनिंगसारख्या बुजुर्गाचा स्टुडिओ, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी एका दालनातून दुसऱ्या दालनात वाहणारी गर्दी. क्रुशेनिक बंधूंनी काढलेल्या ब्राटा या दालनात १९५९ च्या ऑक्टोबरात यायोई कुसामा या जपानी चित्रकर्तीचे न्यूयॉर्कमधील पहिले एकल प्रदर्शन झाले; पांढऱ्या रंगाच्या अखंड जाळीची ती विशाल चित्रे पाहून डोनाल्ड जड याने त्यांवर अनुकूल परीक्षण लिहिले आणि त्यांतील एक चित्र विकतही घेतले. जिचे नाव तेव्हा त्या शहरात जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते अशा परदेशी स्त्रीला इतकी मोकळी भिंत व्यापारी दालनाने दिली असती की नाही, याचा वाचकांनीच विचार करावा.

१९६२ साली टॅनेजर बंद पडले. व्यापारी दालनांची संख्या दरम्यान वाढली होती, नाव झालेले सभासद तिकडे गेले होते, आणि मागे राहिलेल्यांच्या खांद्यांवरचा भार वाढला होता. सहकारी दालनाला जडणारा हा जुनाच रोग आहे: ज्याला या शिडीचा सर्वांत अधिक उपयोग होतो, तोच शिडी सोडून आधी निघून जातो. तथापि कल्पना मेली नाही. १९६९ साली निघालेली बावरी गॅलरी आणि १९७० ची प्रिन्स स्ट्रीट गॅलरी ही सभासदांनी चालवलेली दालने त्या शहरात पुढे कित्येक दशके टिकून राहिली.

१९७२ साली न्यूयॉर्कच्या सोहो भागात उघडलेल्या ए. आय. आर. या दालनाची हकीकत थोडी अधिक विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण सभासद कसे निवडावेत याचा तो एक आदर्श नमुना होय. त्या काळी दालनांच्या भिंतींवर स्त्रियांची चित्रे अपवादानेच दिसत. बार्बरा झुकर आणि सुसान विल्यम्स यांनी केवळ स्त्री-कलावंतांचे सहकारी दालन काढण्याचे मनावर घेतले, तेव्हा त्यांनी मैत्रिणींना चिठ्ठ्या पाठवल्या नाहीत. समीक्षक लुसी लिपार्ड हिने जमवलेल्या स्त्री-कलावंतांच्या पारदर्शिकांचा मोठा संग्रह त्यांनी तपासला, मग स्टुडिओंना प्रत्यक्ष भेटी दिल्या आणि त्यांतून वीसजणींचा संघ जुळवला. जागेची दुरुस्ती, भिंती उभारणे, विजेच्या तारा ओढणे ही कामे सभासदांनी आपल्या हातांनी केली. नॅन्सी स्पेरो, हॉवर्डिना पिंडेल, ॲग्नेस डेनेस या त्या संघातील होत. १९८० साली याच दालनात ॲना मेंडिएटा, काझुको मियामोतो आणि आपल्या अलीगढची झरीना या तिघींनी मिळून अमेरिकेत राहणाऱ्या तिसऱ्या जगातील स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन मांडले, आणि दालनाच्या चळवळीतही कोणाचा आवाज मागे पडतो आहे हे ऐकवले. मेंडिएटा १९७८ पासून सभासद होती. १९८२ मध्ये तिने दालन सोडले. दालन मात्र आज पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही ब्रुकलिनमध्ये चालू आहे.

आता प्रत्यक्ष प्रवेशाकडे वळू. अशा दालनात जागा रिकामी होते ती बहुधा कोणी सभासद निघून गेल्यावर. इच्छुकाने अर्ज करावयाचा. त्यासोबत दहा-वीस कृतींची छायाचित्रे, त्यांची मापे, माध्यम व साल, पूर्वीच्या प्रदर्शनांची यादी आणि आपल्या कामासंबंधी एखादे पान टिपण द्यावयाचे. पहिल्या चाळणीतून पार पडलेल्यांच्या स्टुडिओला सभासद भेट देतात किंवा मूळ चित्रे दालनात आणवून पाहतात, आणि मग मतदान होते. येथे सहकाराच्या जाणकाराला एक विसंगती खटकेल: सहकारी संस्थेचे सभासदत्व सर्वांना खुले असावे हे तिचे मूलतत्त्व, आणि येथे तर निवड होते! ती विसंगती खरी आहे, पण अकारण नाही. तीनशे पासष्ट दिवसांच्या वर्षात एका भिंतीवर शंभर माणसांची पाळी बसत नाही. शिवाय शेजारच्या चित्राचा कस आपल्या चित्राच्या पतीवर परिणाम करतो, हे प्रत्येक सभासद जाणून असतो. ग्लासगो येथे १९८३ साली निघालेल्या ट्रान्समिशन या दालनाने दुसरी वाट धरली: सभासदत्व खुले, वर्षातून एकदा सभासदांचे समूहप्रदर्शन, आणि कारभार पाहण्यासाठी बिनपगारी मंडळींची एक छोटी समिती, जिच्यात कोणी दोन वर्षांहून अधिक काळ बसावयाचे नाही. पहिल्या प्रकारात सभासदाला भिंतीची हमी मिळते, दुसऱ्यात केवळ सहवासाची. अर्ज करण्यापूर्वी आपल्याला यांपैकी काय हवे आहे ते ठरवून घ्यावे.

खर्चाचे गणितही एकदा मांडून पाहावे. समजा, वीस सभासद आहेत आणि भाडे, वीज व किरकोळ खर्च मिळून दरमहा साठ हजार रुपये लागतात. म्हणजे प्रत्येकाची वर्गणी तीन हजार झाली. एका प्रदर्शनाला मांडणी-उतरवणीसह साडेतीन आठवडे दिले, तर वर्षात सुमारे पंधरा प्रदर्शने बसतात. त्यांतील तीन समूहाची धरली, तर एकल प्रदर्शने बारा, आणि वीसजणांत प्रत्येकाची पाळी येते वीस महिन्यांनी. या वीस महिन्यांत सभासदाने भरलेली वर्गणी किती? साठ हजार. म्हणजे, ज्या महिन्यात त्याची चित्रे भिंतीवर आहेत, त्या महिन्याचा दालनाचा सगळा खर्च त्याने हप्त्याहप्त्याने एकट्याने भरला आहे! सहकारी दालन स्वस्त पडते ही समजूत अशी कागदावर उतरवताच ढासळते. बचत होते ती पगारी माणसांच्या बाबतीत. व्यवस्थापक, पहारेकरी, हिशेबनीस यांची कामे सभासदच करतात. पण मग ती बचत म्हणजे सभासदाने वेळेच्या रूपाने भरलेली दुसरी वर्गणीच झाली, हेही उघड आहे.

या दुसऱ्या वर्गणीचे स्वरूप नीट समजून घ्यावे. दालन आठवड्यातून चार दिवस उघडे ठेवावयाचे म्हटले, तर वीसजणांत प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाकाठी दहा दिवस बसण्याची पाळी येते. किल्लीने दार उघडावे, दिवे लावून एखादा तिरपा पडलेला प्रकाशझोत चित्रावर नीट आणावा, टेबलावर किमतींची यादी आणि अभिप्रायाची वही ठेवावी, आणि मग बसावे. दुपारी दोनच माणसे येतील. त्यांतील एक पाऊस थांबेपर्यंत आडोशाला आलेला असेल. तिसरा चौकशी करील तेव्हा ती आपल्या चित्राची नव्हे, भिंतीवर असलेल्या दुसऱ्या सभासदाच्या चित्राची असेल, आणि त्या चित्रासंबंधी त्याच आस्थेने बोलणे हे आपले कर्तव्य असेल. सौदा ठरला तर नावाच्या पाटीशेजारी लाल टिकली लावावी, अनामत घेऊन पावती फाडावी, वहीत नोंद करावी. दुसऱ्याचे चित्र विकताना ज्याला मनापासून आनंद होत नाही, त्याला हा दिवस फार लांब वाटतो.

प्रदर्शन बदलण्याचा दिवस याहून कष्टाचा. जुनी चित्रे उतरली की भिंतीतील खिळे उपटावयाचे, भोके पुट्टीने बुजवावयाची, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून वर पांढऱ्या रंगाचा हात द्यावयाचा. नवी चित्रे लावताना जमिनीपासून चित्राचा मध्य सत्तावन्न ते साठ इंचांवर यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. चित्र चाळीस इंच उंच आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून तीन इंच खाली येत असेल, तर सत्तावन्नांत चित्राची निम्मी उंची वीस मिळवून त्यातून तीन वजा करावयाचे. खिळा चौऱ्याहत्तर इंचांवर. हे एवढे गणित ज्याने पन्नास वेळा केले आहे, तो पुढे चित्र रंगवतानाही त्याच्या मापाचा, कडांचा आणि दोन चित्रांमधील मोकळ्या जागेचा विचार करू लागतो. सहकारी दालनातील शिक्षण असे हातातून डोक्यात जाते.

आणि सभा! दर महिन्याला भरणारी सभा हा या जीवनक्रमाचा गाभा आहे, आणि बहुतेकांच्या सहनशक्तीची कसोटीही आहे. वर्गणी थकवणाऱ्याचे काय करावे, जो बसण्याच्या पाळीला गैरहजर राहिला त्याला दंड किती, डिसेंबरचा आठवडा कोणाला द्यावा, उद्घाटनाचे खाणेपिणे कोणाच्या खर्चाने, नव्या अर्जदाराचे काम आपल्यांतील एखाद्याच्या कामासारखेच आहे काय, अशा प्रश्नांवर रात्र होईपर्यंत खल चालतो. स्वभावतः एकांतप्रिय असलेल्या माणसांना लोकशाहीचा हा अभ्यास जड जातो यात नवल नाही. तरीही अनुभव असा की, नियम लेखी असतील, हिशेब दरमहा सर्वांपुढे येत असेल आणि पदे मुदतबंद असतील, तर भांडणे होऊनही दालन टिकते; आणि सारा भार एकाच उत्साही माणसाने उचललेला असेल, तर तो माणूस थकला त्याच दिवशी दालनही थकते.

आपल्या देशात या मार्गाने गेलेल्यांचीही उदाहरणे आहेत. फाळणीच्या सुमारास लाहोरहून आलेले भवेश सान्याल, धनराज भगत, प्राणनाथ मागो यांनी कन्वल कृष्ण आणि बेळगावकडचे, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले के. एस. कुलकर्णी यांच्यासह १९४९ साली दिल्लीत शिल्पी चक्राची स्थापना केली. राजधानीत आधुनिक चित्रकाराला उभे राहावयाला जागा नव्हती, ती या मंडळींनी आपसांतील सहकार्याने निर्माण केली. मद्रासचे के. सी. एस. पणिकर यांनी तर त्याहून मूलगामी विचार केला. केवळ चित्रविक्रीवर तरुण कलावंत जगणार नाही, हे ओळखून त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना व सहकाऱ्यांना बाटिकसारख्या हस्तकलांच्या वस्तू बनवण्यास लावले, त्या विक्रीच्या पैशांतून समुद्रकाठी जमीन घेतली आणि १९६६ साली चोळमंडल हे कलावंतांचे गाव वसवले. तेथील दालन कलावंतांच्याच संघाकडून आजही चालवले जाते. न्यूयॉर्कच्या मंडळींनी भिंत भाड्याने घेतली होती. पणिकरांनी भिंतीखालची जमीनच विकत घेतली, म्हणूनच भाडेवाढीच्या ज्या वाऱ्याने शहरोशहरीची दालने उडून गेली, तो वारा चोळमंडलला लागला नाही.

महाराष्ट्राचा विचार केला म्हणजे थोडे आश्चर्य वाटते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करून दाखवला त्याला सुमारे पाऊणशे वर्षे झाली. सहकारी बँका, सहकारी दूधसंघ, सहकारी गृहरचना यांनी आपला प्रांत भरून गेला आहे. पण चित्रकारांची म्हणावी अशी सहकारी दालनांची परंपरा येथे रुजली नाही. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यात गाडे आणि बाकरे हे दोन मराठी कलावंत होते. परंतु त्या गटाला स्वतःची भिंत नव्हती, आणि सभासद परदेशी जाताच तो विखुरला. याचे एक कारण उघड आहे: भाड्याने मिळणारे सार्वजनिक दालन उपलब्ध असल्यामुळे प्रत्येकाने स्वतंत्रपणे रांगेत उभे राहावे, हाच मार्ग सर्वांना सोयीचा वाटला. वास्तविक कायद्याची अडचण मोठी नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमान्वये वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती एकत्र आल्या म्हणजे संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. इतके चित्रकार तर कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळतील. महानगरातील जागांचे भाव पाहता मुंबईत हे दुष्कर असले, तरी सांगली, कोल्हापूर, नाशिक अशा गावी एखादा जुना वाडा किंवा गोदाम मिळवणे अशक्यकोटीतील नाही.

जो कोणी अशा दालनात जाऊ इच्छितो, त्याने सही करण्यापूर्वी काही चौकशा अवश्य कराव्यात. भाडेपट्ट्याची मुदत किती उरली आहे आणि तो कोणाच्या नावावर आहे. गेल्या दोन वर्षांचा जमाखर्च पाहावयास मिळेल काय. वर्गणीखेरीज प्रवेशशुल्क, प्रदर्शनखर्च व विक्रीतील हिस्सा किती. पहिल्या एकल प्रदर्शनाची पाळी केव्हा येईल. बाहेर पडावयाचे झाल्यास आगाऊ सूचना किती दिवसांची आणि अनामत परत मिळते काय. आणि गेल्या काही वर्षांत किती सभासद सोडून गेले व का गेले. शक्य असल्यास त्यांतील एकाची गाठ घ्यावी. तो जे सांगेल ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. मुख्य म्हणजे, निवड खरोखर होते किंवा नाही, हे पाहावे. पैसे भरणारा कोणीही जेथे आत घेतला जातो आणि ज्याच्या कारभारात सभासदाला मत नसते, ते दालन स्वतःला सहकारी म्हणवीत असले, तरी ती निव्वळ भिंत विकण्याची पेढी होय, आणि तिच्यापेक्षा सरळ भाड्याचे दालन बरे.

शेवटी निर्णयाचा प्रश्न राहतो. चित्रे विकली जावीत एवढाच ज्याचा हेतू आहे, त्याने व्यापारी दालनाचे दार ठोठावावे. कित्येक वर्षांतून एकदाच सात दिवस ज्याला पुरेसे आहेत, त्याने भाड्याच्या दालनाच्या रांगेत उभे राहावे. परंतु आपल्या कामाकडे परखडपणे पाहणारी दहा-वीस डोळस माणसे सतत भोवती असावीत, पुढच्या पाळीची तारीख डोळ्यांपुढे ठेवून काम करण्याची शिस्त लागावी, आणि जे विकले जाण्याचा संभव नाही तेही निर्भयपणे मांडता यावे, असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी सहकारी दालन आहे. त्यासाठी वर्षातले दहा दिवस दुसऱ्याच्या चित्राची राखण करण्याची तयारी हवी. ती असेल तर वाट पाहत बसू नये. गावात असे दालन नसल्यास आपल्यासारखे आणखी नऊजण शोधावेत, आणि पहिल्या सभेची तारीख ठरवावी.